व्हॉल्टनंतरची काही मिनिटं : सिमोन बाइल्सच्या टोक्यो ऑलिंपिकचा प्रकरण अभ्यास

महत्त्वाकांक्षी कृष्णवर्णीय स्त्रियांनी ताण कसा हाताळावा, आत्मविश्वास कसा टिकवावा, याबद्दल अमेरिकेत सल्ल्यांचा तुटवडा नाही. श्वासावर लक्ष द्या, डायरी लिहा, नाही म्हणायला शिका. यातलं काही चूक नाही. पण शिखरावर उभी असलेली एखादी स्त्री सगळ्या जगासमोर खरोखरच ‘नाही’ म्हणते तेव्हा काय होतं, ते म्हणायचं बळ कुठून येतं आणि त्याची किंमत किती मोजावी लागते, हे समजून घ्यायचं तर एखादं घडलेलं प्रकरण नीट उलगडून पाहावं. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं टोक्यो ऑलिंपिक हे माझ्या मते त्यासाठी सर्वांत योग्य प्रकरण आहे. ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं, त्यावर तावातावानं मतं मांडली, आणि ‘मानसिक आरोग्यासाठी माघार’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळून ठेवलं. आत बरंच काही राहून गेलं.

एक गिरकी कमी

२७ जुलै २०२१. टोक्योतलं एरिआके जिम्नॅस्टिक्स सेंटर, महिलांची सांघिक अंतिम फेरी. या फेरीत व्हॉल्ट (टेबलावरून उडी), बार्स (दोन आडव्या दांड्या), बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) या प्रत्येक साधनावर देशाच्या तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात. एकीचा प्रयत्न फसला तर तो सोडून द्यायची सोय नसते. अमेरिकेची सुरुवात व्हॉल्टनं होती. ग्रेस मॅकॅलम आणि जॉर्डन चाइल्स यांच्यानंतर सिमोन आली.

ती अमानार ही व्हॉल्टची अवघड उडी करणार होती. धावत येऊन टेबलाकडे पाठ करून उडी, टेबलावर हात टेकवून उसळी, आणि मग अंग सरळ ताठ ठेवून हवेत अडीच गिरक्या. हे सगळं जेमतेम सेकंदभरात. त्या दिवशी तिची दीडच गिरकी झाली. अंग मध्येच उघडलं, ती खोल वाकून उतरली आणि पाऊल पुढे गेलं. गुण मिळाले १३.७६६. रिओत चार सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडूच्या नावापुढे हा आकडा पाहून समालोचकही गोंधळले.

जिम्नॅस्ट मंडळी या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. हवेत आपण किती वळलो, डोकं कुठे, जमीन किती लांब, हे सरावलेल्या शरीराला न बघता कळतं. ट्विस्टीजमध्ये ते कळणंच बंद पडतं. आपल्याकडच्या मल्लखांबात निदान खांब असतो. कितीही अवघड पेच असला तरी अंगाला लाकूड लागलं की आपण कुठे आहोत याचा हिशेब जुळतो. व्हॉल्टवर त्या सेकंदात हाताला काहीच लागत नाही. सिमोननं नंतर सांगितलं की तिला वर कोणतं आणि खाली कोणतं हेही उमगत नव्हतं, आणि हा त्रास चारही साधनांवर होत होता. यापूर्वीही तिला तो झाला होता आणि जायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागले होते. इथे तिच्या हातात होती काही मिनिटं.

इथे धोका केवळ पदक जाण्याचा नव्हता. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. पायाचं हाड मोडलं होतं, ते नीट बरं होण्याआधीच तिला सरावाला उभं केलं. एक उडी धोक्याची आहे, हे ती प्रशिक्षकांना सांगत राहिली. ३ जुलै १९८० ला, मॉस्को ऑलिंपिकला दोन आठवडे राहिले असताना, मिन्स्कमध्ये तीच उडी मारताना ती हनुवटीवर आपटली आणि मान मोडली. वय वीस. पुढची सव्वीस वर्षं, २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिचे हातपाय लुळेच राहिले. टोक्योच्या प्रकरणावर मत देताना हे नाव ज्यांना ठाऊक होतं आणि ज्यांना नव्हतं, त्यांच्या बोलण्यात मला नेहमी फरक जाणवला.

व्हॉल्टनंतर सिमोन संघाच्या डॉक्टरबरोबर आत गेली. परत आली, बार्ससाठी हातांवर चढवलेल्या ग्रिप्स काढल्या, मैत्रिणींना मिठ्या मारल्या, पांढरा ट्रॅकसूट चढवला. बार्स आणि बीमवर तिच्या जागी जॉर्डन चाइल्स उतरली. उरलेला वेळ सिमोन बाजूला उभी राहून जीव तोडून ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. रशियन ऑलिंपिक समितीच्या संघानं १६९.५२८ गुणांसह सुवर्ण जिंकलं, अमेरिकेला १६६.०९६ गुणांवर रौप्य मिळालं.

ती काय घेऊन उतरली होती

सिमोनचा जन्म १९९७ चा, ओहायोतल्या कोलंबस शहरातला. जन्मदात्या आईच्या व्यसनामुळे भावंडं लहानपणी सरकारी देखरेखीत दुसऱ्यांच्या घरी वाढत होती. २००३ मध्ये आजोबा रॉन आणि त्यांची पत्नी नेली यांनी सिमोन आणि तिची धाकटी बहीण ॲड्रिया यांना कायदेशीर दत्तक घेतलं आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंग गावी वाढवलं. ती त्यांना आईबाबाच म्हणते.

२०१३ मध्ये अँटवर्पला ती ऑलराऊंड (चारही साधनांच्या एकूण गुणांची) विश्वविजेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच स्पर्धेत एका इटालियन जिम्नॅस्टनं मुलाखतीत म्हटलं, की पुढच्या वेळी आम्हीही कातडी काळी रंगवू म्हणजे आम्हीही जिंकू. मागाहून माफी मागितली गेली. सिमोन तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याआधी वर्षभर लंडन ऑलिंपिकमध्ये गॅबी डग्लस ही पहिली कृष्णवर्णीय ऑलराऊंड विजेती झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर चर्चा रंगली होती तिच्या केसांची. म्हणजे जिंकूनही सुटका नाही, हे सिमोनला स्वतःची पाळी येण्याआधीच दिसलेलं होतं.

मग गुणांचा प्रश्न. २०१९ मध्ये तिनं बीमवरून उतरताना दोन कोलांट्या आणि दोन गिरक्या एकत्र केल्या. आंतरराष्ट्रीय महासंघानं या कसरतीला अपेक्षेपेक्षा कमी काठिण्यमूल्य दिलं. कारण असं, की जास्त दिलं तर इतर मुली जीव धोक्यात घालून ती करू पाहतील. मे २०२१ मध्ये तिनं व्हॉल्टवर युर्चेन्को डबल पाइक (टेबलावरून उसळून, कमरेत वाकून दोन कोलांट्या) केला. त्या आधी स्पर्धेत कुठल्याही स्त्रीनं तो केला नव्हता. त्यालाही तात्पुरतं मूल्य ६.६ मिळालं आणि तिनं ते कमी असल्याचं उघड सांगितलं. सुरक्षिततेचा मुद्दा पूर्ण पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण जी सगळ्यांपेक्षा पुढे गेली तिनं इतरांच्या मर्यादेचा भारही आपल्याच गुणांतून भरायचा, हा न्याय मला पटलेला नाही.

या सगळ्याहून जड गोष्ट वेगळीच. जानेवारी २०१८ मध्ये सिमोननं जाहीर केलं, की अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासार यानं ज्या मुलींचं लैंगिक शोषण केलं त्यांच्यापैकी ती एक आहे. राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या ज्या जागी, टेक्सासमधल्या कॅरोली रँचवर, हे घडलं तिथेच पुन्हा सरावाला जावं लागणार, हेही तिनं त्याच निवेदनात लिहिलं. काही दिवसांतच अमेरिकी जिम्नॅस्टिक्स महासंघानं त्या जागेशी असलेला करार मोडला. २०२१ च्या वसंतात तिनं मुलाखतीत सांगितलं, की खेळात टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे: शोषण सोसलेल्यांपैकी कुणीच मैदानात उरलं नाही, तर हे प्रकरण बाजूला सारलं जाईल.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आपल्या नुसत्या हजेरीनं एका संस्थेला उत्तरदायी ठेवायचं, तेही रोज सहा-सात तास शरीर झिजवत. चोवीस वर्षांच्या मुलीनं हे काम स्वतःकडे घेतलं, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं.

वर महासाथ. मार्च २०२० मध्ये ऑलिंपिक वर्षभरानं पुढे ढकललं गेल्याचं कळलं तेव्हा ती सरावगृहात होती, आणि लॉकररूममध्ये जाऊन रडली. टोक्योत प्रेक्षक नव्हते, परदेशातून कुटुंबीयांना यायला बंदी होती. लहानपणापासून मोठ्या स्पर्धेत स्टँडमधून दिसणारे आईबाबा पहिल्यांदाच तिथे नव्हते. पात्रता फेरीनंतर तिनं इन्स्टाग्रामवर लिहिलं, की कधीकधी सगळ्या जगाचं ओझं खांद्यावर असल्यासारखं वाटतं. त्यातच स्पर्धा चालू असताना तिच्या जवळच्या नात्यातली एक व्यक्ती वारल्याची बातमी आली.

‘खंबीर’ असण्याचं बंधन

नॉर्थ कॅरोलायनातल्या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४८ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांशी गटागटांत बोलून त्यांनी एक चौकट मांडली: कायम खंबीर दिसलं पाहिजे असं वाटणं, भावना दाबणं, कुणापुढे हतबल व्हायला किंवा कुणावर अवलंबून राहायला नकार, तुटपुंज्या साधनांत यशस्वी व्हायचा हट्ट, आणि स्वतःआधी इतरांना मदत करायची सक्ती. या स्त्रियांनी त्याचे फायदेही सांगितले. कुटुंब टिकलं, समाज टिकला, आपण टिकलो. किंमतही सांगितली: झोप उडणं, नातेसंबंधांवर ताण, ताणाचं शरीरात मुरणं.

ताण शरीरात कसा मुरतो, यावर मिशिगन विद्यापीठाच्या आर्लिन जेरोनिमस १९९२ पासून लिहीत आल्या आहेत. त्यांचा मुद्दा असा, की वर्णभेदाला आणि वंचनेला वर्षानुवर्षं तोंड देत राहिल्यानं शरीर वयापेक्षा लवकर झिजतं. शिक्षण आणि पैसा आला तरी ही झीज पूर्ण थांबत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचं प्रमाण २६.६ होतं. हा फरक केवळ ताणातून येत नाही, रुग्णालयात त्यांचं दुखणं कितपत ऐकून घेतलं जातं यावरही तो ठरतो. पण ‘मला बरं वाटत नाहीये’ हे कृष्णवर्णीय स्त्रीनं म्हटल्यावर त्यावर विश्वास ठेवला जातोच असं नाही, एवढं या आकड्याजवळ उभं राहून कळतं. एरिआकेत सिमोन नेमकं तेच म्हणत होती. जखम दिसत नव्हती, पट्टी नव्हती, रक्त नव्हतं.

अमेरिकी जिम्नॅस्टिक्सच्या आठवणीत तर नेमकं उलटं चित्र कोरलेलं आहे. १९९६, अटलांटा. केरी स्ट्रगचा घोटा दुखावलेला, तरी तिनं दुसरा व्हॉल्ट मारला, एका पायावर तोल सावरला आणि कोसळली. प्रशिक्षकांनी तिला उचलून पदक घ्यायला नेलं. देशानं पंचवीस वर्षं त्या क्षणाला शौर्य म्हणून मिरवलं. सिमोन थांबली तेव्हा तिची तुलना होणार होती ती याच्याशी.

निर्णयाचं वजन

एका साधनानंतर थांबायचं हा निर्णय घाबरून घेतलेला वाटू शकतो. मी तो तसा वाचत नाही, आणि याची कारणं तिच्या त्या काही मिनिटांतल्या वागण्यातच आहेत.

पहिलं म्हणजे तिनं दोन गोष्टींची गल्लत केली नाही. मला भीती वाटते आहे, आणि मला हवेत दिशा कळत नाही, या दोन वेगळ्या बाबी आहेत. भीती घेऊन ती आयुष्यभर उतरत आली होती. व्हॉल्टवर जे झालं ते आतली मोजपट्टीच बंद पडल्याचं लक्षण होतं, आणि ते तिनं एका प्रयत्नात ओळखलं. महत्त्वाकांक्षी माणसाला आत्मविश्वास म्हणजे ‘मला जमेलच’ असं शिकवलेलं असतं. सिमोनकडे त्याच्या एक पायरी पुढचं काहीतरी होतं: मला काय जमतं याचा माझा अंदाज पक्का आहे, म्हणून आज जमत नाही हा अंदाजही पक्काच असणार. बाहेरच्यांच्या टाळ्यांवर उभ्या असलेल्या आत्मविश्वासाला असं म्हणणं जमत नाही. त्याला टाळ्या थांबण्याचीच धास्ती असते.

दुसरं, तिनं संघाचा हिशेब केला. तिघींचे तिन्ही गुण धरले जाणार असताना आणखी तीन साधनांवर असेच गुण आले असते तर पदकच गेलं असतं. नंतर पत्रकारांना तिनं हेच सांगितलं, की आपल्यामुळे इतर मुलींच्या हातून पदक जावं असं तिला वाटत नव्हतं. म्हणजे इतरांची काळजी घ्यायची जी सक्ती वुड्स-गिस्कोम्बे यांच्या चौकटीत आहे, तीच इथे थांबण्याच्या बाजूनं वळली. हे मला फार मोलाचं वाटतं. तिनं स्वतःचा स्वभाव बदलला नाही, त्याला वेगळ्या कामाला लावलं.

तिसरं कारण कमी भावनिक आहे, पण त्याशिवाय हे प्रकरण उभंच राहत नाही. जॉर्डन चाइल्स तयार होती. ती सिमोनच्याच केंद्रात सराव करायची, चारही साधनं जाणत होती आणि त्या रात्री ऐनवेळी बार्स आणि बीम करू शकली. प्रशिक्षक सेसिल आणि लॉरेंट लँडी यांनी तिला पुढे ढकललं नाही. डॉक्टर बाजूला होती. मुखिनाकडे यातलं काहीही नव्हतं. तिनंही ‘मला धोका वाटतो’ असंच सांगितलं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं. दोघींच्या कथांमधला फरक धैर्याचा नाही, भोवतालच्या माणसांचा आहे. म्हणूनच ‘सिमोनसारखं नाही म्हणायला शिका’ हा सल्ला कुणी एखाद्या तरुण वकील किंवा डॉक्टर स्त्रीला देतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, तिच्या जागी उभी राहणारी जॉर्डन कुठे आहे? आणि तिचं ऐकणारा वरिष्ठ कुठे आहे?

पुढचे आठ दिवस, पुढची तीन वर्षं

टीका जोरात झाली. टेक्सासच्या एका उपमहाधिवक्त्यानं तिला देशाची लाज म्हटलं आणि नंतर माफी मागितली. कौतुकही तितकंच झालं, पण दोन्हीकडे सिमोन ही व्यक्ती मागेच राहिली आणि तिचं प्रतीक झालं.

ती मात्र टोक्यो सोडून गेली नाही, आणि या दिवसांकडे क्वचितच कुणी नीट पाहतं. जुनतेंदो विद्यापीठाच्या सरावगृहात ती शांतपणे सराव करत राहिली, मऊ गाद्यांवर पडत. रोज डॉक्टरी तपासणी होत होती. ऑलराऊंड सोडली, ती सुनिसा लीनं जिंकली. व्हॉल्ट, बार्स, फ्लोअरही सोडले. ३ ऑगस्टला बीमवर उतरली ती एक नेमका बदल करून: उतरण्याच्या उडीतून गिरकी काढून टाकली. गिरकी नाही म्हणजे ट्विस्टीजला वावच नाही. त्या जागी साधा डबल पाइक घातला, जो तिनं स्वतःच्या सांगण्यानुसार बारा वर्षांची असल्यापासून केला नव्हता. १४.००० गुण, कांस्यपदक. ताण हाताळणं म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उदाहरण हे आहे. सगळं सोडणं आणि सगळं रेटणं यांच्यामध्ये जागा असते. ती शोधायला काय बिघडलं आहे हे अचूक कळावं लागतं.

सहा आठवड्यांनी, १५ सप्टेंबर २०२१ ला, ती अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बसली आणि नासार प्रकरणात एफबीआयनं केलेल्या दिरंगाईबद्दल तिनं रडत साक्ष दिली. त्याच काळात एका मुलाखतीत ती म्हणाली, की मागच्या सात वर्षांत जे सोसलं ते पाहता खरं तर दुसऱ्या ऑलिंपिक संघात यायलाच नको होतं. टोक्योत मन ‘अचानक’ का थकलं असा प्रश्न विचारणाऱ्यांना यातच उत्तर आहे.

स्पर्धेत ती परतली ऑगस्ट २०२३ मध्ये. त्या आधी दोन वर्षं बाहेर. त्या शरद ऋतूत ज्या अँटवर्पमध्ये तिनं पहिलं विश्वविजेतेपद जिंकलं होतं तिथेच तिनं सहावं ऑलराऊंड विजेतेपद घेतलं, आणि युर्चेन्को डबल पाइक अधिकृतपणे तिच्या नावानं नोंदला गेला. पॅरिसमध्ये २०२४ साली सांघिक, ऑलराऊंड आणि व्हॉल्टचं सुवर्ण मिळालं. सांघिक अंतिम फेरीच्या दिवसाची सुरुवात समुपदेशकाशी बोलून केल्याचं तिनं पत्रकारांना सहज सांगितलं. तेव्हा दर आठवड्याला ती हे बोलणं चुकवत नसे, घोट्याला पट्टी बांधावी तसं ते तिच्या तयारीतलं एक काम झालं होतं.

त्याच पॅरिसमध्ये तिच्या केसांवरून पुन्हा टिप्पण्या आल्या. बसमध्ये एसी नव्हता, प्रवास पाऊण तासाचा होता, केस नीटच केले होते, असं उत्तर तिनं लिहिलं. इतक्या सुवर्णपदकांच्या चर्चेत हा तपशील क्षुल्लक वाटेल. मला तो वाटत नाही. ऑलिंपिक फायनलला निघालेल्या खेळाडूच्या डोक्यात केसांचा खुलासा करण्याएवढी जागा खर्च व्हावी लागते, आणि तिच्या गोऱ्या सहकाऱ्यांना ती द्यावी लागत नाही. ताण असाही साठतो.

५ ऑगस्टला बीमवर ती पडली, पाचवी आली. त्याच दिवशी फ्लोअरवर दोनदा सीमारेषेबाहेर गेली आणि ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेच्या मागे दुसरी आली. तिसरी जॉर्डन चाइल्स. तिचं कांस्य पुढे तांत्रिक वादात काढून घेतलं गेलं. पण त्या दुपारी ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा जिम्नॅस्टिक्सच्या विजयमंचावर तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडू होत्या, आणि सिमोन व जॉर्डन यांनी गुडघ्यावर बसून आंद्रादेला मानाचा मुजरा केला. हरणं सोसता येण्याइतकं मोकळेपण टोक्योपूर्वीच्या सिमोनकडे होतं का, याबद्दल मला शंका आहे. तेव्हा तिच्याकडून दुसऱ्या क्रमांकाची अपेक्षाच कुणी ठेवली नव्हती, बहुधा तिनंही नाही.

हे प्रकरण दुसऱ्या कुणाला लावताना एक मर्यादा सांगायला हवी. सिमोन थांबली तेव्हा तिच्या नावावर विश्वविक्रमी पदकं होती, प्रायोजक होते, स्वतःच्या कुटुंबाचं सरावकेंद्र होतं. थांबल्यामुळे तिची नोकरी गेली नाही. अटलांटातल्या एखाद्या निवासी डॉक्टरला किंवा शिकागोतल्या कंपनीत पहिलीच कृष्णवर्णीय व्यवस्थापक झालेल्या स्त्रीला ‘आज मी हे करू शकत नाही’ म्हणायचं तर आधी तिला हे ठरवावं लागतं की ते कुणाला सांगायचं, लेखी की तोंडी, आणि तिच्यानंतर येणाऱ्या मुलींच्या निवडीवर त्याचा परिणाम होणार का. तिला सिमोनकडून घेण्यासारखं आहे ते बीमवरचं: नेमकी कोणती गिरकी आज काढायची हे ओळखणं, आणि ते ओळखण्यासाठी दर आठवड्याला कुणाशी तरी बोलायची सोय संकट येण्याच्या खूप आधी लावून ठेवणं. बाकीचा अर्धा भाग तिच्या हातात नाही. तो तिच्या रुग्णालयाच्या, कंपनीच्या, वरिष्ठांच्या हातात आहे, आणि तिच्या जागी तयार उभं राहणारं माणूस नेमायचं काम त्यांचं आहे.